अडतीस चिंचोके

शाळेची जमीन शनिवारी सारवली जायची,
म्हणून दर सोमवारी मास्तर नवा समुद्र काढायचे.
चुन्याच्या बोटाने आफ्रिका, मग अरबस्तान,
मग आपण. "इथे. बरोब्बर मध्ये.
जिथून कुठलाच समुद्र दिसत नाही."
वैनगंगा काढली नाही. जागा नव्हती.

रशियाचं आरमार: अडतीस चिंचोके.
जपान: गुंजा, पळसाच्या द्रोणात, कोपऱ्यात, वाट बघत.
लढाऊ जहाजं मालगुजाराच्या पुतण्यांना मिळाली.
मला कोळशाचं,
एका बाजूने किडकं.

चैतराम हरकारा आठवड्याने डाक आणायचा.
मास्तर वर्तमानपत्र वाचून म्हणायचे, वीतभर पुढे.
आम्ही वीतभर पुढे सारायचो.

कार्तिकात बातमी आली:
रात्री, धुक्यात, आरमाराने
मासे धरणाऱ्यांच्या होड्यांवर तोफा डागल्या,
शत्रू समजून.
घाटावरचा सुकऱ्या पचारे दाराबाहेर उभा होता;
पाय ओले असायचे, म्हणून आत येत नसे.
"जाळी टाकून होते का ते?"
मास्तर म्हणाले, हो.
तो गेला. दुसऱ्या दिवशी आला तो
पलीकडच्या खिडकीशी उकिडवा बसला,
जिथून गुंजा जवळ पडतात.

मग पौष, माघ.
मादागास्करपाशी सगळं अडकलं.
लाखोळी निघाली, पळस फुलून झडू लागला,
शिमग्याची लाकडं चोरून झाली, आरमार हलेना.
मास्तर म्हणाले, ताप, हुकूम, कोळसा.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
खिडकीतून सुकऱ्या म्हणाला,
"डोंगा लय दिस उभ्या पान्यात रायला का
बुडाले शेवाळ धरते, मास्तर.
मंग वल्हं मारून मारून खांदे जातेत.
हे हारतीन."
पोलादाची जहाजं आहेत ती, सुकऱ्या.
"शेवाळाले का मालूम,
लोखंड हाय का लाकूड."

सारवायला भागरता यायची.
अडतीसही पदरात घ्यायची, नकाशा पुसायची,
मग ओल्या शेणावर अंदाजाने मांडायची.
एका सोमवारी पाहतो तर सगळी जहाजं
एका जागी, गोल, वाळवण घातल्यासारखी.
"कुटं ठेवू मंग? आपल्याच गावात ठेवले."
मास्तर हसले. बराच वेळ हलवली नाहीत.
"यात मानसं किती असतीन?" तिनेच विचारलं,
आमच्यातल्या कोणीच नाही.
मास्तरांनी अंक वरून खालपर्यंत चाळला.
त्या अंकात नव्हतं.

चैत्रात सिंगापूर मागे पडलं.
शाळेला सुटी लागली, तरी आम्ही जायचो.
सामुद्रधुनी मास्तरांनी दोन बोटांची काढली,
मी माझा कोळसा नखाने रेटत तिथवर नेत होतो.
मग नवतपा. चैतरामला ऊन लागलं.
दोन आठवडे डाक नाही.
आम्ही अदमासाने ढकलत राहिलो.
मालगुजाराचा थोरला पुतण्या तोंडाने तोफा वाजवायचा
आणि रोज हरायच्या गुंजा, रोज नव्याने.

ज्येष्ठात चैतराम आला, डोक्याला ओला पंचा.
मास्तरांनी तारखा बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या.
ज्या सकाळी आम्ही त्यांना
सामुद्रधुनीच्या तोंडाशी आणलं,
त्या सकाळी ती तळाशी जाऊन
नऊ दिवस झाले होते.
पुतण्याने तोफ वाजवली ती बुडाल्यानंतर.
माझ्या नखाखालचा चुनाही नंतरचा.

मास्तर मात्र दारात उभे राहून ओरडले,
आपल्या खंडातलं कोणीतरी जिंकलं!
आवाज फाटला त्यांचा. गूळ वाटला.
सुकऱ्याने खडा मुठीत धरला, खाल्ला नाही.
मी सांगितलं होतं, असंही म्हणाला नाही.
"पोवता येत होतं का त्यायले?"
एवढंच, आणि घाटाकडे गेला;
पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारत होतं.

संध्याकाळी भागरताने चिंचोके भाजून आणले.
टाकायचे कशाला.
पोरांनी कडाकडा फोडून खाल्ले,
काळी सालं उंबऱ्यात पडली.
मी माझं शोधत होतो.
ते तव्यावरच फुटलं, म्हणाली.

गुंजा कोणी खात नाही. विष असतं त्यात.
त्या द्रोणातच राहिल्या.